माझगावच्या गॅलरीतला वाटाणा

माझगाव एकेकाळी आमराईसाठी प्रसिद्ध होते. येथील आंबा वर्षातून दोनदा फळत असे, असे उल्लेख जुन्या लेखनात आढळतात. आज हिरवाई उरली आहे ती भंडारवाडा टेकडीवर, लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांच्या नावाच्या उद्यानात आणि घरोघरच्या कुंड्यांत. या कुंड्यांत दिवाळीनंतर हौसेने वाटाणा पेरला जातो आणि बहुधा निराशाच पदरी पडते. दोष मातीला, खताला, क्वचित सुनेच्या हातालाही दिला जातो! वास्तविक चूक असते ती वाणाच्या निवडीत.

पुष्कळ घरी किराणा दुकानातला पांढरा वाटाणाच भिजवून लावतात. तो अनेकदा कॅनडा वा रशियातून, थंड प्रदेशातून आलेला असतो. वेल वाढतो, पण उष्म्याने फुले गळतात. माझगावात जानेवारीतही दुपारी पारा तिशीला टेकतो. पुरंदरचा शेतकरी ऐन पावसाळ्यात वाटाणा पिकवतो, कारण सासवडचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे. मुंबईकराने त्या शेंगेचा गोडवा जरूर वाखाणावा. तिच्या हंगामाचे अनुकरण मात्र करू नये.

येथे उपयोगाचा वाण ‘अर्केल’. जेमतेम दीड फुटाचे झाड, पहिली तोडणी दोन महिन्यांत. नोव्हेंबरअखेर पेरल्यास जानेवारीच्या गारव्यात शेंगा भरतात. ‘बोनव्हिला’ गोड खरा, पण उशिराचा. तोवर फेब्रुवारीचे ऊन दाराशी येते. बंगळुरूच्या संशोधन संस्थेचा ‘अर्का अजित’ भुरी आणि तांबेऱ्याला दाद देत नाही, परंतु तोही सुमारे तीन महिने घेतो. स्वदेशीचा अभिमान योग्यच. तरीही कुंडीपुरता कौल मूळच्या फ्रेंच अर्केललाच द्यावा लागतो.

आणि तो परका राहतच नाही. वाटाण्याच्या फुलात परागीभवन फूल उमलण्यापूर्वीच होते. त्यामुळे चांगल्या झाडावरच्या चार शेंगा वाळवून ठेवल्या की पुढल्या वर्षी तोच वाण उगवतो. दरवर्षी पाकीट विकत घेण्याचे कारण नाही. बी थेट कुंडीतच, इंचभर खोल पेरावे, कारण रोप उपटून लावलेले त्याला सोसत नाही. युरिया टाळावा, मुळांवरच्या गाठी हवेतील नत्र स्वतःच मिळवतात.

एका कुंडीतून उसळ होणार नाही, मूठभर दाणे मिळतील. ज्यांच्या गॅलरीत चार तासही ऊन येत नाही, त्यांनी शेंगांची आशा सोडून कोवळे शेंडे खुडावेत आणि आमटीत घालावेत.