काल्यात एक शिदोरी कमी



आमच्या उत्तर पुणे जिल्ह्यातील एका गावाहून सप्ताहाच्या कीर्तनासाठी फोन आला. गावाचे नाव सांगत नाही, कारण हे दुखणे एका गावाचे नाही. दिवस ठरला, वेळ ठरली, आणि फोन ठेवता ठेवता ते गृहस्थ म्हणाले, "महाराज, यंदा एका घराची वर्गणी घेतलेली नाही. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं. भावकीनं ठरवलंय. पंगतीचाही निरोप त्यांना नाही." मी विचारले, "मग सप्ताह गावाचा की भावकीचा?" त्यावर उत्तर आले, "गावाचाच. पण प्रत्येकाची आपली रीत असतेच ना? सगळे म्हणतात, संस्कृती जपा. मग आम्ही आमची जपली तर बिघडलं कुठं?"

मी ती तारीख घेतली नाही. पण त्यांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. तो अडाणी प्रश्न नव्हे. जगभरची विद्यापीठे याच प्रश्नावर ग्रंथ लिहीत आली आहेत. समाजाने आपली रीत जपावी की एकट्या माणसाचे स्वातंत्र्य राखावे? कीर्तनात आपण आधी पूर्वपक्ष मांडतो आणि मग त्याचे खंडन करतो. इथेही तोच क्रम ठेवतो.

पूर्वपक्ष असा. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली स्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिला. राजाच्या जुलमापेक्षा समाजाचा जुलूम अधिक खोल जातो, कारण तो घरात आणि मनात शिरतो, असे त्यांनी बजावले. दुसऱ्याचे नुकसान होत नाही तोवर माणसाला त्याच्या मार्गाने जाऊ द्यावे, हा त्यांचा सिद्धान्त. पुढे विचारवंतांना प्रश्न पडला, की माणूस एकटा थोडाच जगतो? त्याला भाषा असते, देव असतो, सणवार असतात. ते मोडले तर त्याचे स्वातंत्र्य उरते कुठे? म्हणून कॅनडाचे विल किमलिका यांनी १९९५ साली एक भेद सांगितला. लहान समाजाला बाहेरच्या मोठ्या समाजापासून संरक्षण देणे योग्य. पण त्याच समाजाने आपल्याच माणसांच्या मुसक्या बांधणे योग्य नव्हे. चंद्रन कुकाथास यांना हे पटले नाही. त्यांनी २००३ साली समाजाला बेटांच्या समूहाची उपमा दिली. प्रत्येक बेटाने आपल्या रीतीने राहावे, सरकारने आत नाक खुपसू नये. ज्याला पटत नाही त्याला बेट सोडून जाण्याची मोकळीक असली म्हणजे झाले.

आता भावकीचे बोलणे आठवा. "ज्याला पटत नाही त्यानं गाव सोडावं." कुकाथास यांचा ग्रंथ न वाचताच आमची भावकी तेच बोलते! म्हणून या मताला उत्तर देणे आपल्याला भाग आहे, आणि ते देण्याचा अधिकार वारकऱ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही. कारण आपला संप्रदाय उभाच राहिला तो वाळीत टाकलेल्या घरातून.

विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले. आळंदीने ते कुटुंब वाळीत टाकले. त्यांना जाण्याची मोकळीक नव्हती काय? होती. पण जातील तिथे तोच नियम आधी जाऊन बसलेला होता. शेवटी आई-बापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि चार लेकरे शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट चालू लागली. परतीच्या वाटेवर वेद बोललेल्या रेड्याची समाधी आपल्या जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे. आपण तिथे माथा टेकवतो. पण तो रेडा का बोलला, हे विसरतो. ज्या लेकरांना माणसांच्या पंगतीत जागा नव्हती, त्यांच्यासाठी मुका जीव बोलला, ही ती कथा.

मांड्यांची कथाही तशीच. मुक्ताई खापर आणायला कुंभाराकडे गेली, तर विसोबांनी कुंभाराला ताकीद देऊन ठेवलेली, की या पोरीला भांडे द्यायचे नाही. आपण कीर्तनात माउलींच्या तापलेल्या पाठीचे वर्णन रंगवून सांगतो. त्या कुंभाराकडे पाहत नाही. त्याचे मुक्ताईशी काय वैर होते? काही नाही. तो घाबरलेला होता. बहिष्काराचे कामच असे, की टाकणारा एक असतो आणि राबवायला सगळा गाव जुंपला जातो. गिरणीवाला दळण नाकारतो, दुकानदार सामान नाकारतो, मयताला खांदा मिळत नाही. यांतल्या प्रत्येकाला मनातून लाज वाटत असते.

म्हणून "ज्याला पटत नाही त्याने जावे" हे स्वातंत्र्य नव्हे. बहिणाबाईंचे चरित्र पाहा. ब्राह्मण घरची सून, तिने तुकोबांना गुरू मानले म्हणून नवऱ्याने मारहाण केली, आणि हे तिने स्वतःच अभंगांतून सांगून ठेवले आहे. तिने कुठल्या बेटावर जायचे होते? पदरात लेकरू, गोठ्यात गाय, माहेरची माणसेही त्याच धाकातली. ज्याच्यापाशी जमीन, पैसा आणि बाहेर ओळख आहे त्यालाच गाव सोडता येते. जिला सगळ्यात जास्त सुटका हवी असते, तिलाच दार सगळ्यात लांब असते.

मी हे महाळुंगे पडवळमध्ये बसून लिहितो आहे. हे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे गाव. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईत गिरणी कामगार झाला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विलायती कापडाची लॉरी अडवायला तो आडवा झाला आणि तिच्याखाली गेला. वय अवघे बावीस. आपल्या तालुक्यातील डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचेच नाव आहे, आणि त्या पाण्यावर आपली शेते हिरवी आहेत.

बाबू गेनूने जे केले त्यालाही बहिष्कारच म्हणतात. शब्द एक, पण अर्थ दोन टोकांचे. त्याने कापडावर बहिष्कार टाकला, माणसावर नव्हे. आणि त्याची किंमत कोणी मोजली? त्याने स्वतः, आपल्या देहाने. भावकीचा बहिष्कार माणसावर असतो आणि त्याची किंमत ज्याच्यावर तो टाकला त्यालाच मोजावी लागते. टाकणाऱ्याचा एक घासही कमी होत नाही. स्वदेशीच्या त्या काळातही माणसांची सेवा-चाकरी तोडण्याला गांधीजींचा विरोध होता. ती त्यांना जबरदस्ती वाटे. आणि बाबू गेनू गेला त्याच हिवाळ्यात लंडनच्या गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकर आपल्या लोकांसाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायद्याचे संरक्षण मागत होते. गावाने विहीर, दुकान, मजुरी बंद केली की हक्क कागदावरच राहतात, हे त्यांनी पाहिले होते. एक जण परक्या सत्तेपुढे आडवा झाला, दुसरा आपल्याच गावगाड्यापुढे उभा राहिला. दोन्ही मिळूनच स्वातंत्र्य पुरे होते. आपण पहिल्याची जयंती-पुण्यतिथी करतो आणि दुसऱ्याची मागणी विसरतो.

ही मागणी कायद्यात यायला फार वर्षे लागली. मुंबई राज्याने १९४९ साली समाजबहिष्काराविरुद्ध कायदा केला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. धर्माच्या कारणाने माणसाला बाहेर काढणे हा त्या समाजाचा आपला कारभार आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी एकट्याने वेगळे मत नोंदवले. त्या निकालाचा फेरविचार आता नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला आहे. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारे आपले राज्य देशात पहिले. ज्या मातीत मुक्ताईला खापर नाकारले गेले, त्याच मातीत सातशे वर्षांनी खापर नाकारणे गुन्हा ठरला. मला यात माउलींची कृपाच दिसते.

आता एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. "महाराज, मग संप्रदायाने नियमच ठेवू नयेत काय? उद्या माळ न घातलेला म्हणेल, वीणा माझ्या गळ्यात द्या. दिंडीत कोणी दारू पिऊन आला तरी चालवून घ्यायचे?" नाही. फडाला शिस्त हवी, दिंडीला क्रम हवा, वीणा घेणाऱ्याला व्रत हवे. हे सांभाळणे फडाचा अधिकार आहे, आणि त्यात सरकारने पडू नये हेही मला मान्य आहे. पण नियम आणि बहिष्कार यांतला फरक तीन प्रश्नांनी कळतो. तो नियम माणसाने आपल्या इच्छेने गळ्यात घातला आहे काय? तो उतरवून ठेवला तरी त्याला गावात दळण, पाणी, खांदा मिळतो काय? आणि नियमाचा भार नियम करणारा स्वतः उचलतो काय? माळ आपण आपल्या हाताने घालतो. तिची एकादशी आपलेच पोट सोसते. माळ नसलेल्याला वीणा नाही दिली तर तो टाळ घेईल, टाळही नको असेल तर नुसता ऐकत बसेल. त्याची चूल बंद पडत नाही. जात मात्र कोणी आपल्या हाताने गळ्यात घातलेली नसते. म्हणून फडाचा नियम आणि भावकीचा बहिष्कार एका तराजूत घालू नका.

आणि दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. काही शिकलेले लोक म्हणतात, परंपरा म्हणजे बेडी. ती तोडली की माणूस मोकळा. काही जण तर सगळ्यांना एकाच साच्यात घालायला निघाले आहेत. त्यांनी आषाढात एकदा पंढरीच्या वाटेवर उभे राहावे. माउलींची पालखी आळंदीहून, तुकोबांची देहूहून, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वराहून, सोपानकाकांची सासवडहून, मुक्ताईची मुक्ताईनगरहून, नाथांची पैठणहून येते. प्रत्येकीची वाट वेगळी, मुक्काम वेगळे, चालीरीती वेगळ्या. कोणी कोणाला आपल्यात विरघळायला सांगत नाही. दिंडी बदलली म्हणून कोणी वाळीत पडत नाही. वारी म्हणजे बेटांचा समूह नव्हे. ती वाटांचा मेळ आहे. बेटाला किनारा असतो, वाटेला फाटे असतात. वैविध्य जपायचे ते असे, की येणाऱ्याला वाट मिळावी आणि जाणाऱ्याला शिव्याशाप नकोत.

पण या वारीचाही गर्व करू नये. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि त्यांच्या लोकांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण करावे लागले. तेव्हा दार अडवणारेही "आमची रीत" हेच म्हणत होते. दार उघडले, विठोबा जागचा हलला नाही, रीत बुडाली नाही. उलट ज्या तनपुरे महाराजांनी मठाचे दार गुरुजींना उघडले, ते वारकरीच होते. आतून बदल होतो तो असा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या कुंकू-बांगड्या उतरवण्याची प्रथा ठराव करून बंद केली. बाहेरून कोणी पोलीस आला नव्हता. गावाने आपलीच रीत आपणच तपासली. संस्कृती जपणे म्हणतात ते हेच. जी रीत तपासता येत नाही, ती संस्कृती नसून नुसती दहशत आहे.

विसोबांचे पुढे काय झाले, ते आपण जाणतो. मुक्ताईला खापर मिळू न देणारे विसोबाच शरण आले, आणि नामदेवरायांचे गुरू झाले. म्हणून भावकीवर मी चिडलेलो नाही. बहिष्कार टाकणाऱ्यालाही परत येण्याची वाट असते. पण ती कोणीतरी त्याला दाखवावी लागते, आणि आमच्या भागात ते काम कीर्तनकाराचे आहे.

माझे मागणे एवढेच. यंदा सप्ताहाचे नारळ स्वीकारताना प्रत्येक कीर्तनकाराने, प्रत्येक विणेकऱ्याने एक प्रश्न विचारावा: गावातले कुठले घर वर्गणीतून, पंगतीतून वगळले आहे काय? वगळले असेल तर नम्रपणे सांगावे, "आधी त्या घरी निरोप द्या, मग मला बोलवा." गावाशी भांडू नये, पण तारीख देऊ नये. यात आपली बिदागी बुडेल, एखादे गाव कायमचे तुटेल. बुडू द्या. बहिष्काराला विरोध करताना त्याचा भार आपल्याच अंगावर घेणे, हेच बाबू गेनूने शिकवले आहे.

सप्ताहाच्या शेवटी काला होतो. गोकुळात देवाने काय केले? सगळ्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या. कोणाची ताजी भाकरी, कोणाची शिळी, कोणाचे नुसते ताक. कोणाच्या शिदोरीची जात विचारली नाही. ज्या हंडीत गावातल्या एका घराची शिदोरी मुद्दाम घातली नाही, ते दही असेल, लाह्या असतील, लोणचेही असेल. त्याला काला म्हणता येणार नाही.