नांदायला जा, नाहीतर तुरुंगात!

एखादी मुलगी स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेते म्हटलं, की आपल्याकडे शेरा ठरलेला : "ही इंग्रजी शिक्षणाची फळं!" होस्टेलच्या मेसमध्येही तो ऐकू येतो. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच! पण मित्रांनो, ज्या इंग्रजांना आपण स्त्रीस्वातंत्र्याचे गुरू समजतो, त्यांच्याच घरात एकोणिसाव्या शतकात काय चाललं होतं ठाऊक आहे?

तिथे लग्न झालं की कायद्यापुरतं बाईचं वेगळं अस्तित्वच संपायचं. नवरा-बायको मिळून एक व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा! तिची कमाई त्याची, मुलंही त्याचीच. कॅरोलिन नॉर्टन ही नावाजलेली लेखिका. नवऱ्याने तिची तीन मुलं तिच्यापासून तोडली, लेखनाच्या कमाईवरही हक्क सांगितला. तिच्या लढ्यामुळे १८३९ मध्ये मुलांच्या ताब्याचा कायदा झाला. विवाहितेला स्वतःची कमाई ठेवता यायला मात्र १८७० आणि मालमत्ता ठेवता यायला १८८२ साल उजाडलं. त्याच्या शंभर वर्षं आधी, आपल्या जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर स्वतःच्या 'खासगी'च्या उत्पन्नातून घाट आणि देवळं बांधत होत्या!

म्हणून आपलं सगळं छान होतं असं मुळीच नाही. सती, बालविवाह, केशवपन हे आपल्याकडचंच. गंमत अशी, की दोन्हीकडचं वाईट तेवढं एकत्र आलं, आणि त्यात सापडल्या रखमाबाई.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत, माहेरी राहून शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला : बायकोला नांदायला पाठवा. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधारच नाही, हा प्रकार इंग्लंडहून इथे आणलाय, असं त्यांचं म्हणणं. अपिलात मात्र निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी सरळ सांगितलं, कैद चालेल!

बघा, या कारणासाठी तुरुंगात टाकणं खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच बंद केलं होतं. आणि इथे टिळकांचा 'केसरी' धर्म आणि परंपरेच्या नावाने रखमाबाईंवर टीका करत होता. कायदा साहेबाचा, अभिमान आपला! शेवटी १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं स्त्रियांवर उपचार केले.

हा इतिहास झाला म्हणून सोडून द्यावा, तर तसंही नाही. इंग्लंडने १९७० च्या कायद्याने हा दावाच रद्द केला. आपल्याकडे तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आला. आता तुरुंग नाही, पण हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं, १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. २०१९ मध्ये गुजरातच्या विधी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे आपल्यासारख्याच कॉलेजच्या पोरांनी, त्याला पुन्हा आव्हान दिलं.

कुणी म्हणेल, हे कलम नवरा आणि बायको दोघांनाही सारखंच, आणि त्याने मोडता संसार सावरतो. कागदावर सारखं, मान्य! पण लग्नानंतर घर कोण सोडतं? आणि कोर्टाच्या हुकमाने माणूस एका छपराखाली येईलही, मनाने येईल का? माझं मत स्पष्ट आहे : हे कलम जायला हवं.

आपण इंजिनिअर होणार. नागापूर एमआयडीसीत एखादं मशीन ऑपरेटरचा हात कापत असेल, तर ते जर्मन की देशी हे नंतर बघतात, आधी बंद करतात. मग कायद्याला आणि रूढीला वेगळा न्याय का? यापुढे कुणी "ही आपली संस्कृती" किंवा "ही पाश्चात्त्य थेरं" म्हणालं, तर भांडू नका. फक्त दोन प्रश्न विचारा : हा नियम केला कुणी, आणि त्यात चिरडतं कोण?