आणखी एक अटेम्प्ट

गावाकडचं पोरगं शहरात गेलं की वाईट नादाला लागेल, ही आईबापांची जुनी धास्ती. पण एमपीएससीसाठी पुण्याच्या सदाशिव, नारायण, नवी पेठेत आलेल्या मुलांना सगळ्यात मोठा मोह पडतो तो ‘आणखी एक अटेम्प्ट’ देण्याचा. हा मोह चिकाटीसारखा दिसतो, म्हणून त्यापासून सावध करायला कोणी पुढे येत नाही. कॉट बेसिसवर एक पलंग, त्याखाली बॅग, मेसचा डबा आणि अभ्यासिकेतली हातभर जागा. समोरच्या फळीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत परीक्षेची तारीख असते. ती खोडून दुसरी, मग तिसरी लिहिली जाते आणि वर्ष निघून जातं. पूर्वपरीक्षा दोन मार्कांनी गेली तर मुलगा गावाकडे परतत नाही. ते दोन मार्कच त्याला धरून ठेवतात.

या मोहाला बळ देतं ते विस्कळीत वेळापत्रक. राज्यसेवा २०२४ची पूर्वपरीक्षा २८ एप्रिलला ठरली होती. ती पुढे ढकलत २५ ऑगस्टवर आली. त्याच दिवशी आयबीपीएसची बँक लिपिकांची परीक्षा निघाली, मुलं पुण्यात रस्त्यावर बसली आणि पेपर झाला १ डिसेंबरला. पुढे ढकलण्याची काही कारणं रास्त होती, शेवटच्या वेळी तर तारीख बदलण्याची मागणी मुलांचीच होती. पण त्या मागणीतच खरी गोष्ट दडली आहे: अनेकांनी बँकेचाही अर्ज भरला होता. बाहेर पडायची वाट ही मुलं शोधतच असतात. एप्रिलचा पेपर डिसेंबरवर गेला तेव्हा मधल्या सात महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचं बिल गावाकडून आलं.

‘यांना बोलावलं कोणी? शेती करा, नाहीतर कंपनीत लागा,’ असं सहज म्हटलं जातं. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. तीही भावाभावांत वाटली जायची. कंपनीत मिळतं ते बहुधा कंत्राटी काम, आणि सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न नोकरीचा. अशा घरातल्या मुलाने सरकारी नोकरीचा ध्यास घेणं हा भाबडेपणा नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: यूपीएससीत खुल्या गटाला सहा संधी आणि ३२ वर्षांची मर्यादा आहे, एमपीएससीत वय ३८पर्यंत चालतं, मग मुलं अडकणारच. मला संधींवर मर्यादा हवीच वाटते, कितीही कटू असली तरी. मात्र यूपीएससी पुढच्या वर्षाच्या तारखा आधीच जाहीर करते आणि बहुतांशी पाळते. आधी आपल्या सरकारी खात्यांनी रिक्त पदांची मागणीपत्रं वेळेत पाठवावीत, आयोगाने तारखा पाळाव्यात. त्यानंतरच संधी मोजाव्यात. आयोगाच्या चुकीने गेलेलं वर्ष मुलाच्या खात्यावर मांडता येणार नाही. शिवाय मुलाखतीपर्यंत पोचून निवड न झालेल्या उमेदवारांची माहिती, त्यांच्या संमतीने, यूपीएससी नोकरी देणाऱ्या संस्थांपुढे ठेवते. एमपीएससीनेही तसं करावं. ज्याने राज्यघटना, अर्थव्यवस्था, जमिनीचे कायदे पाच वर्षं घासून वाचले, त्याला सहकारी बँकेत, शेतकरी उत्पादक कंपनीत काम मिळू शकतं. आज त्याच्या हातात दाखवायला फक्त एक हॉलतिकीट असतं.