मेडिकल बोर्डाचा शेरा

दिवाळी आली की महाराष्ट्राला सीमेवरचा जवान आठवतो. शाळांतून, मंडळांतून फराळाचे डबे आणि मुलांनी रंगवलेली भेटकार्डे सरहद्दीकडे रवाना होतात. दिवाळी अंकांतही एखादी युद्धकथा हमखास असते. तोच जवान ऐन चाळिशीत मधुमेह, फिट्स किंवा विस्कटलेले मन घेऊन कायमचा गावी येतो, तेव्हा त्याच्या पेन्शनच्या कागदांत डोके घालायला फारसे कोणी तयार नसते. या अंकाचे पहिले पान त्या कागदांसाठी राखले आहे.

गोळीच्या जखमेचे कारण शोधावे लागत नाही. 1965च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले मुरलीकांत पेटकर 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. सांगली जिल्ह्याच्या या माणसाची कहाणी आता सिनेमातही आली आहे. भांडण असते ते न दिसणाऱ्या दुखण्यांचे. सैन्यातून बाहेर पडताना जवान मेडिकल बोर्डापुढे उभा राहतो. दुखणे सैन्यसेवेमुळे जडले का, निदान सेवेमुळे बळावले का, हे बोर्ड ठरवते. उत्तर ‘होय’ आले आणि अपंगत्व किमान 20 टक्के भरले, तर अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते. ‘दोन्ही नाही’ असा शेरा पडला, की पहिले अपील, दुसरे अपील आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. हे न्यायाधिकरण 2007च्या कायद्याने जन्माला आले आणि 2009 पासून काम करू लागले. मुंबईत त्याचे एक खंडपीठ आहे. एका बाजूला न्यायाधीश, दुसऱ्या बाजूला निवृत्त सेनाधिकारी, अशी त्याची रचना.

या क्षेत्रातले सगळ्यात गाजलेले प्रकरण एका सिग्नल्सच्या शिपायाचे आहे. धरमवीर सिंग 1985 मध्ये भरती झाले आणि 1994 मध्ये अपस्माराच्या कारणाने ‘बोर्ड आऊट’ झाले. अपंगत्व 20 टक्के, आणि शेरा असा की आजाराचा सैन्यसेवेशी संबंध नाही. पेन्शनच्या हिशेबाचे कार्यालय तेव्हाच्या अलाहाबादला, म्हणजे आताच्या प्रयागराजला, आहे; तिथून नकार आला. हिमाचल उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी बाजूने निकाल दिला, तो खंडपीठाने फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी शिपायाच्या पदरात न्याय टाकला, तोपर्यंत घरी येऊन 19 वर्षे झाली होती.

आणि हा न्याय देण्यासाठी न्यायालयाला नवे काही शोधावे लागले नाही. सरकारच्याच 1982च्या नियमावलीत सारे लिहिलेले होते. भरतीच्या वेळी नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असे धरायचे. सिद्ध करण्याचा बोजा जवानावर टाकायचा नाही. शंका उरली तर तिचा फायदा त्याला द्यायचा. आजार भरतीवेळी लक्षात येण्याजोगा नव्हता असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर कारणे लिहायची. भरतीला छाती, वजन, नजर, तळपाय तपासून ज्याला निवडले, त्याला नऊ वर्षांनी ‘हा रोग तुझा घरचाच’ म्हणायचे, तर निदान दोन ओळींचे स्पष्टीकरण हवेच. ते नव्हते. 2014 मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले: अपंगत्वामुळे ज्याला घरी पाठवले, त्याचे अपंगत्व 20 टक्क्यांहून अधिक होते असेच मानावे लागेल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राम अवतार प्रकरणात टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा, म्हणजे 20चे 50 धरण्याचा, लाभ मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला.

इतके झाल्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण हरलेले सरकार तोच मुद्दा घेऊन पुढच्या माणसाविरुद्ध पुन्हा वर जात राहिले. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांना हे खटकले. त्यांनी 2015 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, आणि निकाली निघालेल्या मुद्द्यांवरची अपिले मागे घ्यावीत असे तिने त्याच वर्षी सांगितले. पुढच्या दहा वर्षांतले निकाल पाहिले, तर तो सल्ला किती मुरला हे कळते.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. रजेवर असताना स्कूटरचा अपघात झालेल्या जवानाला 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच नकार दिला. 2019 मध्ये नरसिंग यादव प्रकरणात न्यायालय म्हणाले की मानसिक आजार भरतीवेळी ओळखू येईलच असे नाही. म्हणून केवळ नोंद नव्हती एवढ्यावर तो सेवेने दिला असे ठरत नाही. ‘कॅग’ने तर 2023च्या अहवालात बोट ठेवले: निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी 36 ते 40 टक्के अपंगत्वाचा लाभ घेऊन बाहेर पडतात, जवानांत हे प्रमाण 15 ते 18 टक्के. त्याच वर्षी सप्टेंबरात नवे, अधिक कडक नियम लागू झाले. संशयाला जागा असेल तर ती वरच्या हुद्द्यांत अधिक आहे, असे हेच आकडे सांगतात. कडक नियमांची झळ मात्र ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्यालाच आधी बसते.

मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेला सुभेदार 1985चा भरती, तीस वर्षे नोकरी केलेला. आजार मधुमेह. तो शांत ठाण्यावर असताना उद्भवला, एवढेच बोर्डाचे म्हणणे. 2008च्या नियमांतून धडधाकटपणाचे जुने गृहीतक गळाले होते, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही कारण सांगण्याची जबाबदारी बोर्डाचीच, असे म्हणून न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्धची सरकारची याचिका फेटाळली. लढाई नसलेल्या ठाण्यावरही फौजी आयुष्य म्हणजे सरकारी कचेरीतली दहा ते पाच नव्हे, हे ज्यांच्या घरात वर्दी आहे त्यांना कोणी समजवायला नको.

हा सुभेदार उच्च न्यायालयात सरकारसमोर उभा राहू शकला, त्यालाही एक इतिहास आहे. मार्च 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निकालांविरुद्ध उच्च न्यायालयाचा दरवाजा जवळपास बंद केला होता. गंमत अशी, की त्या पीठावर धरमवीर सिंगांना न्याय देणारेच न्यायमूर्ती सुधांशु ज्योती मुखोपाध्याय होते. आठ वर्षे सातारा-कोल्हापूरकडचा माजी सैनिक मुंबईत हरला, तर त्याला थेट दिल्लीचा रस्ता धरावा लागे. 2023च्या मार्चमध्ये तो दरवाजा पुन्हा उघडला.

उशिराची किंमत कोण मोजतो, हे तरसेम सिंग निकालातून कळते. 1983 मध्ये घरी पाठवलेला हा जवान 1999 मध्ये न्यायालयात गेला. पेन्शनचा हक्क कालबाह्य होत नाही, असे 2008 मध्ये ठरले. पण थकबाकी मिळाली ती फक्त दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांची. उरलेली तेरा वर्षे सरकारच्या तिजोरीत राहिली. शेरा कारणाविना लिहायचा, माहिती पोहोचू द्यायची नाही, आणि जवान जितका उशिरा जागा होईल तितका खर्च वाचवायचा, असे कोणी ठरवून करत नसेलही. हिशेब मात्र तसाच लागतो.

2022 पासून या रांगेत अग्निवीर आले आहेत. चार वर्षांची सेवा, पेन्शन नाही. अपंगत्व सेवेमुळे आले किंवा बळावले असे ठरले, तर 50, 75 आणि 100 टक्क्यांना अनुक्रमे 15, 25 आणि 44 लाख रुपये एकरकमी. 2026 सरताना पहिल्या तुकड्यांची मुदत भरत येईल. त्यांच्या कागदावर तोच मेडिकल बोर्ड तोच शेरा लिहील. त्या शेऱ्याची कारणे भरतीच्या रांगेत उभ्या मुलाला वाचता येतील अशा भाषेत, त्याच कागदावर छापून द्यायला संरक्षण मंत्रालयाला नवा कायदा लागत नाही.