वास कोणाच्या नाकाने घ्यायचा?

गावाकडच्या घराचा वास हा मराठी ललित लेखनातला ठरीव ऐवज झाला आहे. शेणाने सारवलेली ओसरी, पहिल्या पावसातली माती, चुलीचा धूर. आणि मग सिमेंटच्या घरकुलाने हे सारे हिरावून घेतल्याचा विलाप. फुलसावंगीत, यवतमाळच्या महागाव तालुक्यात, बसून हे वाचताना प्रश्न पडतो : हे नाक कोणाचे?

सतत येणारा वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो. त्यामुळे घराचा वास घरच्यांना नव्हे, पाहुण्याला येतो. दिवाळीला चार दिवस येणारा लेखक हा पाहुणाच. त्याच्या ताज्या नाकाला धूर खमंग वाटतो; चुलीपुढे जन्म काढणाऱ्या बाईच्या वाट्याला खोकला आणि डोळ्यांतले पाणी. धाब्याच्या घरात छताला सवणे असे. तापलेली हवा वर चढून धुरासकट तिथून बाहेर पडे. सवणे अपुरे असले की तोच धूर माजघरात. शिवाय वेचलेला कापूस त्याच घरात, आणि त्याच्या तुसाने अंगाला सुटणारी खाज. ती कुठल्या लेखात येते?

गावाची मांडणी ही सुद्धा वास्तुरचनाच. महाराष्ट्रातील अनेक गावांत दलितवस्ती पूर्वेला आढळते. वारा बहुधा पश्चिमेचा. तिच्यावरून गेलेला वारा गावात येऊ नये म्हणून ही योजना, असा अर्थ लावला जातो आणि तो आम्हांला पटतो. ढोर-चांभारांनी कातडे कमवायचे, वास त्यांनीच सोसायचा आणि वर त्या वासावरून त्यांनाच ओळखायचे! स्मृतिकातर निबंधाची ओसरी ही नेहमी गावकुसाच्या आतली असते.

मातीच्या वासाला बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६४ मध्ये ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. अंगणात फरशी घातली की तो उणावणार, हे खरेच. आधुनिक वास्तुकला केवळ डोळ्यांसाठी बांधते, ही युहानी पाल्लास्मा यांची १९९६ मधील तक्रारही रास्त. आमचे समीक्षक ती हौसेने सांगतात. (फिनलंडहून आलेले नाक अधिक तीक्ष्ण असावे.) पण २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचे, स्वयंपाकाच्या जागेसकट, धरले आहे. तेवढ्यात खिडक्या समोरासमोर आहेत का, धुराला वाट कुठून, संडासाची हवा चुलीकडे येते का, हे विचारणारा एकही ललित निबंध आमच्या वाचनात आलेला नाही.