वजन उतरवावे की राखावे?

या सदराचा मजकूर तयार करताना माझ्या हातून एकदा घडलेली चूक प्रथम सांगते. वृद्धांनी आपले वजन योग्य प्रमाणात राखावे, अशा आशयाच्या एका लेखाचे भाषांतर करताना मी ‘वजन आटोक्यात ठेवावे’ असे लिहिले. वाक्य कानाला बरे वाटले आणि तसेच छापले गेले. रायपूरला राहणाऱ्या माझ्या मावशीने ते भाचीच्या कौतुकाने वाचले आणि दुसऱ्या दिवसापासून रात्रीचे जेवण सोडले.

मावशीचे वय ७२. काका गेल्यापासून ती एकटीच राहते. मुलगा पुण्यास असतो. एका जिवासाठी चूल कशाला पेटवायची, ही सबब तिच्याजवळ पूर्वीपासून होतीच, तिला आता छापील आधार मिळाला. दिवाळीत मी गेले तेव्हा तिच्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या आणि तेलीबांधा तलावाकाठी सकाळी फिरावयास येणाऱ्या मैत्रिणी ‘किती छान बारीक झालात!’ म्हणून तिची वाखाणणी करीत होत्या. आठ महिन्यांत ५४ किलोंवरून ती ४८ किलोंवर आली होती. पाटावरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो, हे मात्र तिने कोणास सांगितले नव्हते.

उतारवयात वजन घटते तेव्हा केवळ चरबी जात नाही, तिच्याबरोबर स्नायूही झिजतात. तरुणपणी गेलेले बळ भरून येते. साठीनंतर ते सहजासहजी परतत नाही. मग चालताना तोल जातो, माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. सहा ते बारा महिन्यांत वजन प्रयत्नावाचून शेकडा ५ हून अधिक घटले, तर ते डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. मावशीच्या बाबतीत ही मर्यादा पावणेतीन किलोंची होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात साठीपुढील व्यक्तींपैकी शेकडा सुमारे २७ जणांचे वजन प्रमाणापेक्षा कमी, तर सुमारे २२ जणांचे अधिक आढळले. आपण मात्र घरात फक्त जाडीचीच चर्चा करतो.

मावशीला डॉक्टरांकडे नेले. थायरॉईड, साखर, रक्त, सारे तपासून झाले. रोग निघाला नाही. निघाली ती सैल झालेली कवळी! वजन उतरल्याने हिरड्यांवर ती नीट बसेना आणि ती बसेना म्हणून पोळी, फळे, शेंगदाणे एकेक करून ताटातून गेले होते. वृद्धांचे खाणे घटण्यामागे अशी साधी कारणे पुष्कळदा असतात: चव मंदावणे, बद्धकोष्ठ, एखादे नवे औषध, मनाची उदासी आणि एकट्याचे ताट. यांपैकी शेवटच्या कारणाला औषधाच्या दुकानात उपाय नाही.

आता ताटाविषयी. रायपूरकडे उन्हाळ्यात बोरे बासी आवडीने खातात. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-चटणीबरोबर खाल्ला की पोट थंड राहते. परंतु त्यात मुख्यतः पिष्टच असते. त्यात वाटीभर दही घालावे, जोडीला घट्ट वरण किंवा उडीद-कोहळ्याची रखिया बडी घ्यावी. तांदळाच्या पिठाच्या चिल्यात निम्मे बेसन मिसळावे. चालत असल्यास अंडे किंवा मासळी उत्तमच. ५० किलो वजनाच्या वृद्धास दिवसाकाठी ५० ते ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सांगतात. पेलाभर दुधातून त्यांपैकी सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. ज्यांना एका वेळी फार जेवण जात नाही, त्यांना थोडे थोडे चार-पाचदा द्यावे आणि जेवणाआधी चहा देऊन भूक मारू नये. चातुर्मासातील उपासांविषयी मी बोलणार नाही. मावशीने ते माझे ऐकलेले नाही.

वजन खरोखरच अधिक असेल, गुडघे कुरकुरत असतील, तर ते उतरवावे, पण सावकाश. महिन्याला किलो-दीड किलो पुरे. साखर, तळण कमी करावे, प्रथिने नव्हे. मधुमेहाची औषधे चालू असताना जेवण एकाएकी तोडल्यास रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना आधी कळवावे. निव्वळ फिरणे पुरत नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, जमेल तितक्या वेळा, रोज करावे. प्रारंभी कोणी जवळ असावे.

महिन्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. पोटरीचा सर्वांत जाड भाग फितीने मोजावा. ३१ सेंटिमीटरहून कमी भरल्यास स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. दोन-चार दिवसांतच वजन वाढून पायांवर सूज दिसली, तर ती तब्येत सुधारल्याची खूण नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मावशीची कवळी नवी झाली. शेजारच्या सूनबाई आठवड्यातून तीन रात्री आपले ताट घेऊन तिच्याकडे जेवावयास येतात आणि त्या रात्री वरण नक्की शिजते. गेल्या महिन्यात काटा साडेपन्नासवर होता. तलावाकाठच्या मैत्रिणींनी ती जाड होत चालल्याची तक्रार केली आहे.