गोंगाट धुवून काढू नका!

'क्लीन' हा शब्द हल्ली माझ्या फार डोक्यात जायला लागलाय. क्लीन कोड, क्लीन डिझाईन, क्लीन ऑडिओ. पहिल्या दोनांबद्दल तक्रार नाही, त्यांच्यावर तर पोट चालतं. तिसऱ्याबद्दल मात्र आहे, आणि आज शनिवार आहे, डोक्यावर डेडलाईन नाही, तेव्हा सविस्तर भांडून घेतो.

भांडण एका अल्बमवरून आहे. 'द जीझस अँड मेरी चेन' या स्कॉटिश बँडचा पहिला अल्बम, 'सायकोकँडी', नोव्हेंबर १९८५. चौदा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खल्लास. चाळीस वर्षं उलटून गेली तरी दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी नवी पोरं गिटार घेऊन हाच आवाज काढायचा प्रयत्न करत असतात. आणि तरीही रॉक ऐकणाऱ्या आपल्या मंडळींत या अल्बमचं नाव काढलं की दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली: "हा काय गोंगाट लावलायस?" दुसरी: "गाणी बरी आहेत रे, पण रेकॉर्डिंग घाण आहे. कुणीतरी हे साफ करून द्यायला पाहिजे."

पहिल्या गटाशी माझं वैर नाही. कान आपापले. दुसरा गट मात्र धोकादायक, कारण तो समजूतदार वाटतो. त्याचं म्हणणं असं की आत चांगलं गाणं आहे, वर घाण आहे, घाण काढा की गाणं मिळेल. म्हणजे बटाट्यावरची माती! माझं म्हणणं आहे की हा बटाटा नाहीये. तो गोंगाट काढलात तर तुमच्या हातात 'सायकोकँडी' उरतच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. जिम आणि विल्यम रीड हे दोघे भाऊ ग्लासगोजवळच्या ईस्ट किलब्राइड गावचे. दुसऱ्या महायुद्धानंतर आखणी करून वसवलेलं हे गाव. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये कारखाने धडाधड बंद पडत होते, त्यात यांच्या वडिलांचीही कारखान्यातली नोकरी गेली. हातात आलेल्या पैशातून त्यांनी पोरांना ३०० पौंड दिले. पोरांनी त्याचा काय घेतला असेल? पोर्टास्टुडिओ. म्हणजे घरच्या घरी कॅसेटवर चार ट्रॅक रेकॉर्ड करणारं यंत्र. आपल्याकडे बाप नोकरी गेल्यावर पोराला असं काही घेऊ देईल का, हा प्रश्न बाजूला ठेवू. :)

बँडमध्ये बेस वाजवायला डग्लस हार्ट, तोही दोन तारांवर भागवणारा. ड्रमवर बॉबी गिलेस्पी, जो पुढे 'प्रायमल स्क्रीम'मुळे प्रसिद्ध झाला. हा बाबा उभा राहून फक्त दोन ड्रम बडवायचा. पहिलं सिंगल, 'अपसाईड डाऊन', १९८४ मध्ये ॲलन मॅकगीच्या क्रिएशन रेकॉर्ड्सने काढलं. मग ब्लँको इ नेग्रो या कंपनीसाठी त्यांनी लंडनच्या सदर्न स्टुडिओत जॉन लोडर या इंजिनिअरच्या सोबतीने स्वतःच हा अल्बम बनवला. निर्माता म्हणून बाहेरचा कुणी शहाणा माणूस बसवलेला नाही.

आता मुद्द्यावर येऊ. पहिला आक्षेप: "यांना वाजवता येत नव्हतं, ते लपवायला गोंगाट केला."

वाजवता येत नव्हतं हे शंभर टक्के मान्य. पण मग १९८७ चा दुसरा अल्बम घ्या, 'डार्कलँड्स'. त्यात फीडबॅक जवळजवळ सगळा काढून टाकलाय, गिलेस्पी गेलाय, त्याच्या जागी ड्रम मशीन आहे. लपायला जागाच नाही. आणि तो अल्बम ब्रिटनच्या यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेला, त्यातलं 'एप्रिल स्काईज' सिंगल आठव्यापर्यंत. म्हणजे गाणी लिहिता येत होती. लपवण्यासारखं काही नव्हतं.

लगेच दुसऱ्या गटातला कुणीतरी उडी मारेल, "बघ! मग गोंगाटाची गरज काय होती?"

थांबा जरा. रीड बंधूंच्या कानात काय होतं ते आधी बघा. एका कानात 'वेल्वेट अंडरग्राऊंड' आणि दुसऱ्या कानात साठच्या दशकातले अमेरिकन मुलींचे ग्रुप, शांग्री-लाज, रोनेट्स वगैरे. सायकोकँडीचं पहिलंच गाणं 'जस्ट लाईक हनी' ज्या ड्रमच्या ठोक्याने सुरू होतं, तो ठोका सरळ रोनेट्सच्या १९६३ च्या 'बी माय बेबी'मधला. चोरी म्हणा, नमस्कार म्हणा. मूळ गाण्याचा निर्माता फिल स्पेक्टर. त्याची पद्धत अशी की एकाच खोलीत ढीगभर वादक कोंबायचे, तीन-तीन पियानो, तेवढ्याच गिटारी, वर व्हायोलिनं, आणि ते सगळं एको चेंबरमधून काढून एकजीव करायचं. ऐकणाऱ्याला वेगळं वाद्य ऐकू येता कामा नये, भिंत ऐकू आली पाहिजे.

आता ईस्ट किलब्राइडच्या बेकार पोरांना ही भिंत हवी आहे. वादकांचा ताफा कुठून आणणार? पैसे कुणाच्या बापाचे? (बापाचे होते ते पोर्टास्टुडिओत गेले.) मग त्यांच्याकडे काय होतं? एक स्वस्तातलं जपानी फझ पेडल, एक ॲम्प्लिफायर आणि फीडबॅक. त्यांनी भिंत त्याच विटांची बांधली. स्पेक्टरकडे व्हायोलिनं जे काम करायची, ते यांच्याकडे फीडबॅक करतो. गाण्याच्या वर एक लांबलचक, न तुटणारा, चकाकणारा पदर. म्हणून मी म्हणतो की हा गोंगाट वर साचलेली घाण नाही, ही त्या गाण्याची वाद्यरचना आहे. 'बी माय बेबी'तली व्हायोलिनं 'साफ' करा असं कुणी म्हणतं का?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, माफ करा. फीडबॅकला 'नॉईज' म्हणणं हेच मुळात तांत्रिकदृष्ट्या ढिसाळ आहे. नॉईज म्हणजे ज्याचा अंदाज बांधता येत नाही ते, ट्यून न झालेल्या रेडिओची खरखर. फीडबॅक म्हणजे काय? तार हलते, पिकअप ते उचलतो, ॲम्प्लिफायर मोठं करतो, स्पीकर हवा हलवतो, ती हवा पुन्हा तार हलवते. बंद वर्तुळ. एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला हा फेरा स्वतःचं पोट स्वतः भरायला लागतो आणि शिट्टी सुरू होते. सेकंड इयरला ऑसिलेटर शिकलेल्या प्रत्येकाने हे परीक्षेत लिहिलंय. गंमत बघा, लूप गेन एक झाला की सर्किटच्या पेपरात मार्क मिळतात आणि साऊंड सिस्टिममध्ये शिव्या! पण मुद्दा असा की ती शिट्टी हा सूरच असतो. गिटार घेऊन स्पीकरच्या पुढे-मागे सरका, सूर बदलतो. सायकोकँडीत वाजतो तो यंत्राने स्वतः लावलेला सूर आहे, माणसाने फक्त त्याला मोकळं सोडलंय. 'गोंगाट विरुद्ध सुरावट' ही लढाई म्हणूनच खोटी आहे.

आणि आपण मराठी माणसांनी तरी याला नाकं मुरडू नयेत. तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय असतं? घोडीवर तारेखाली दोरा सरकवून मुद्दाम आणलेली झणझण. तो दोरा काढा, तार 'क्लीन' होईल आणि मेल्यासारखी वाजेल. मिरजेचे कारागीर पिढ्यानपिढ्या ती घोडी घासत बसतात ते ही झणझण नेमकी जमावी म्हणून. मान्य, जवारी आणि फीडबॅक एक नव्हे. जवारी तारेच्या स्वतःच्याच उपस्वरांना फुलवते, फीडबॅक बाहेरून फेरा मारून येतो. पण शुद्ध सूर आणि जिवंत सूर यात फरक असतो, हे कळायला आपल्याला स्कॉटलंडला जायची गरज नव्हती.

तिसरा आक्षेप जास्त शहाणा आहे: "हे सगळं त्या काळी धक्का द्यायला ठीक होतं. आता धक्का संपला, उरलं काय?" धक्का होताच. पंधरा-वीस मिनिटं वाजवायचं, प्रेक्षकांकडे पाठ करायची आणि निघून जायचं. मार्च १९८५ मध्ये नॉर्थ लंडन पॉलिटेक्निकला तर प्रेक्षकांनी तोडफोड केली. मॅनेजर झालेल्या मॅकगीने ही आग विझवायचे काही फार कष्ट घेतले नाहीत, प्रसिद्धी कुणाला नको असते? पण धक्क्याचं आयुष्य फार थोडं असतं. नुसत्या धक्क्यावर जगणारा अल्बम चार वर्षांत म्युझियममध्ये जातो. हा गेला नाही. 'माय ब्लडी व्हॅलेंटाईन'ने १९८८ मध्ये 'इझन्ट एनिथिंग' आणि १९९१ मध्ये 'लव्हलेस' केला, त्यांच्या मागोमाग 'राईड', 'स्लोडाईव्ह' आले. २००३ मध्ये सोफिया कोपोलाने 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन'चा शेवट टोकियोच्या रस्त्यावर 'जस्ट लाईक हनी'वर केला. ते गाणं तेव्हा अठरा वर्षांचं होतं आणि सिनेमागृहातल्या कितीतरी जणांना १९८५ मधल्या दंग्याचा पत्ताही नसेल. तरी पोटात कालवाकालव झालीच ना? ती धक्क्याने नव्हती झाली.

मग टिकलं कशाने? माझं उत्तर असं. जिम रीड ओरडत नाही. गोंगाट करणारे बहुतेक बँड गोंगाटावर ओरडतात, म्हणजे रागावर राग. इथे वर काच फुटतेय आणि खाली एक माणूस अर्धवट झोपेत असल्यासारखा, जवळजवळ कानात, साखरेसारखी गोड चाल गातोय. तुमचा कान आपोआप त्याच्याकडे झुकतो. चालत्या लोकलमध्ये शेजारचा काहीतरी महत्त्वाचं सांगत असला की आपण कसे पुढे वाकतो, तसं. ती चाल तुम्हाला आयती मिळत नाही, तुम्ही ती शोधून काढता. 'नेव्हर अंडरस्टँड' दहा वेळा ऐका, दहाव्यांदा तुम्हाला गोंगाटातून नुसती चाल ऐकू येईल, आणि ती तुमची असेल कारण खणून तुम्ही काढलीत. साफ करून दिलेल्या आवृत्तीत हे काम दुसऱ्याने आधीच केलेलं असतं. तुम्ही नुसते गिऱ्हाईक.

एक पुरावा अल्बममध्येच आहे. 'कट डेड' हे गाणं जवळजवळ शांत आहे. आजूबाजूच्या कल्लोळात ते असं काही उघडं पडतं की ऐकणाऱ्यालाच चोरट्यासारखं वाटतं. हेच गाणं सगळ्या स्वच्छ गाण्यांच्या अल्बममध्ये टाका, स्किप करून पुढे जाल.

आता तुम्ही म्हणाल, एवढं तावातावाने भांडायचं कारण काय? अल्बम आहे, आवडला तर ऐका, नाहीतर राहू द्या.

कारण आहे. माझ्या टीममध्ये एक पोरगा आहे, दोन वर्षं झाली जॉईन होऊन. उत्तम चाली बांधतो. लॅपटॉपमध्ये त्याची अकरा गाणी पडून आहेत. मी विचारलं, बाहेर कधी काढणार? म्हणाला, "दादा, अजून क्लीन नाहीयेत. मागे पंख्याचा आवाज येतो. गिटारही जरा खरखरते." मग तो एका सॉफ्टवेअरने खरखर काढतो, दुसऱ्याने गळा सुरात आणतो, तिसऱ्याने ठोके सरळ रेषेत बसवतो, आणि शेवटी ऐकून म्हणतो की यात काही मजा नाही. अर्थात नाही! मजा तूच धुवून काढलीस बाबा.

आणि यात त्याचा काय दोष? इंजिनिअरिंगच्या गॅदरिंगला जी बँड स्पर्धा होते तिथे आपण काय शिकवतो? ज्याची बोटं जास्त वेगाने पळतात तो जिंकतो. मिनिटाला किती नोट्स, त्यावर मार्क. म्हणजे तिथेही बेंचमार्किंग! हल्ली तर फोनपासून मीटिंगच्या हेडफोनपर्यंत सगळीकडे आवाज गाळायची यंत्रणा आधीपासूनच चालू असते. मीटिंगसाठी ठीक आहे, क्लायंटला कुकरच्या शिट्ट्या ऐकवायच्या नाहीत. पण तीच चाळणी गाण्याला लावली की जे सगळ्यांसारखं आहे ते खाली उतरतं आणि जे फक्त तुमचं आहे ते वर अडकतं.

रीड बंधूंकडे ३०० पौंडांचं यंत्र होतं, वादनाचा आनंदीआनंद होता आणि डोक्यात पक्कं होतं की आपल्याला काय ऐकायचंय. 'आधी नीट वाजवायला शिकू, चांगला स्टुडिओ परवडू दे, मग बघू' असं ते म्हणत बसले असते तर हा अल्बम आलाच नसता. सायकोकँडी आजही जिवंत आहे तो अपुऱ्या साधनांची लाज न बाळगल्यामुळे. त्यातली खरखर ही झाकून ठेवायची गरिबी नाही, ती त्या दोघांची सही आहे.

असो. साफ केलेला सायकोकँडी ज्यांना हवा आहे त्यांनी 'डार्कलँड्स' ऐकावा, फार सुंदर अल्बम आहे. बाकीच्यांनी हेडफोनचं नॉईज कॅन्सलेशन बंद करावं, आवाज शेजाऱ्यांना जरा त्रास होईल इतका वाढवावा, आणि चाल सापडेपर्यंत उठू नये.